पन्नाशीत पुन्हा कॉलेज: वडोदऱ्यात प्रवेशाच्या फॉर्मपासून पदवीपर्यंत

माझी उभी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात झाली. खिडकीशी येणाऱ्या मोठ्या वयाच्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "या वयात घेतात का हो?" घेतात. बीए, बीकॉम, एमए यांना वरच्या वयाची अट नाही. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये निघाली. एलएलबीसाठी घातलेली वयाची अट सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये रोखून धरली. वयाचा प्रश्न एवढ्यावर मिटतो. माणसं अडकतात ती दुसरीकडेच: कागद पुरे आहेत का, आणि रोजचे चार-पाच तास आणायचे कुठून? म्हणून या लेखात धीर देणं कमी आणि कागदपत्रं जास्त आहेत.

पदवी हवी की विद्या?

फॉर्मला हात लावण्याआधी हे ठरवा. दोन्ही हवं असं सगळेच म्हणतात, पण खोलवर एकच हवं असतं. सेकंड ईयरला लग्न झालं आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर 'शिक्षण' या रकान्यात 'बारावी' लिहिताना जिचा हात जड झाला, तिला पदवी हवी आहे. विषय कुठलाही चालेल. रिटायर झाल्यावर ज्यांना मनसोक्त चित्रं काढायची आहेत, त्यांना मात्र चार वर्षांचा पूर्णवेळ बीव्हीए, म्हणजे चित्रकलेचा पदवी कोर्स, लागेलच असं नाही.

वडोदऱ्यात हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण इथे पर्याय हाताशी आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये झालं, पण त्यातली काही खाती विद्यापीठाहून जुनी आहेत. सूरसागरच्या काठचं संगीत महाविद्यालय, म्हणजे आताची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स, उस्ताद मौलाबक्षांच्या १८८६ च्या गायनशाळेतून आलं. फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत. मराठी, संस्कृत, पुरातत्त्व, कायदा, सगळं सयाजीगंज-फतेगंजच्या परिसरात चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि हे सगळं ज्यांनी उभं केलं ते सयाजीराव स्वतः नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळख इथे येऊन झाली. तेव्हा 'उशीर झाला' हे कारण या गावात सांगू नये.

नुसती विद्या हवी असेल तर कॉलेजला वळसा घालून जाता येतं. गाणं किंवा तबला असेल तर चांगल्या गुरूंकडे शिकून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा द्या. त्यांना वयाचं बंधन नाही आणि रोज दुपारी वर्गात हजेरी लावावी लागत नाही. इतिहास, भाषा, मानसशास्त्र असल्या विषयांना केंद्र सरकारचं 'स्वयम्' पोर्टल आहे. तिथले बहुतेक कोर्स फुकट असतात, फी लागते ती परीक्षेची.

ज्यांचं पदवीचं पक्कं आहे त्यांनीही आधी स्वयम्‌वरचा एक कोर्स शेवटपर्यंत करून बघावा. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत गेली तर तुम्ही तयार आहात. तिसऱ्या आठवड्यात "पाहुणे आले होते" सुरू झालं तर पूर्णवेळ कॉलेज झेपणार नाही, मुक्त विद्यापीठ झेपेल. घरच्या माणसांच्या सल्ल्यापेक्षा ही चाचणी जास्त खरी निघते.

नोकरीसाठी पदवी घेणाऱ्यांना एक सांगते. प्रवेशाचं वय आणि नोकरीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीएडला पन्नाशीत प्रवेश मिळेल, पण सरकारी शिक्षकभरतीची वयोमर्यादा कधीच उलटलेली असेल. वकिलीचं तसं नाही, सनद कुठल्याही वयात घेता येते. दोन वर्षं आणि फी घालवण्याआधी भरतीची एखादी जुनी जाहिरात काढून वाचा.

रेग्युलर की मुक्त

रेग्युलर म्हणजे रोज वर्ग, साधारण पंचाहत्तर टक्के हजेरी, मुलांच्या बरोबरीने इंटर्नल परीक्षा. मुक्त म्हणजे घरी पुस्तकं, असाइनमेंट आणि सेंटरवर परीक्षा. इग्नू १९८५ पासून आहे, तर गुजरातचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ पासून. दोघांचीही अभ्यासकेंद्रं वडोदऱ्यात आहेत. मान्यताप्राप्त मुक्त पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरली जाते, त्यामुळे "ती खरी डिग्री नाही" म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे लक्ष देऊ नका.

मान्यता मात्र स्वतः तपासा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर कुठलं विद्यापीठ कुठल्या वर्षी कुठला कोर्स चालवू शकतं याची यादी असते. २०२४ पासून मुक्त किंवा ऑनलाइन प्रवेशाला याच विभागाचा 'डेब आयडी' सक्तीचा आहे आणि तो विद्यार्थ्याने स्वतःच काढायचा असतो. कोणी एजंट "आयडी-बियडी लागत नाही, मी करून देतो" म्हणाला तर तिथून उठा. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे. पण पन्नाशीत एक पुरी करा.

माझा कल सांगू? घरी आजारी माणूस नसेल आणि विद्यापीठ स्कूटरच्या अंतरावर असेल तर रेग्युलर. मुक्त शिक्षणात एकटेपणा फार येतो आणि पुस्तकं टीपॉयवर पडून राहतात. रेग्युलरला जाणाऱ्यांनी माध्यमाचा विचार आधीच करावा. सयाजीराव विद्यापीठात बहुतेक शिकवणं इंग्रजीतून चालतं, मराठी शाळेतून आलेल्यांना पहिलं सेमिस्टर जड जातं. एमए मराठी करणाऱ्यांची यातून सुटका.

बारावीच नसेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. नाव एकदा नोंदवलं की पाच वर्षं चालतं आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक दोन-दोन विषय काढत गेलं तरी चालतं. बारावीच्या जुन्या मार्कशीटवर पास झालेले विषय पुढे धरून घेता येतील का, हे फॉर्म भरताना केंद्रावर विचारा; नापास मार्कशीट फेकू नका.

अर्धवट सोडलेलं जिथून सोडलं तिथून सुरू होत नाही. एफवाय-एसवायचे वार्षिक पद्धतीचे मार्क आताच्या सेमिस्टर-क्रेडिटच्या, म्हणजे सहामाही परीक्षा आणि पास विषयांचे जमा होणारे श्रेयांक यांच्या, चौकटीत बसत नाहीत आणि अभ्यासक्रम कितीदा तरी बदलला. एक अर्ज जरूर द्या, पण पहिल्या वर्षापासून बसायची मनाची तयारी ठेवून द्या. नव्या शैक्षणिक धोरणाची एक सोय मोठ्या वयाच्यांना फार कामाची आहे. एक वर्ष करून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. मधेच बाहेर पडायला थोडे जादा क्रेडिट करावे लागतात, पण नातवंडाच्या वेळी लेकीकडे जायची वेळ आली तर केलेलं पाण्यात जात नाही.

कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. जूनमध्ये प्रवेश हवा असेल तर कागद दिवाळीनंतर लगेच काढायला घ्या.

पहिली दहावी-बारावीची मार्कशीट. गुजरात बोर्डाने जुनी रेकॉर्ड संगणकावर आणली आहेत, त्यामुळे डुप्लिकेट मार्कशीट आणि मायग्रेशनचा, म्हणजे बोर्ड सोडल्याच्या सर्टिफिकेटचा, अर्ज ऑनलाइन करता येतो, कागद पोस्टाने घरी येतो. आपल्याकडच्या बऱ्याच सुनांचं शिक्षण मात्र महाराष्ट्रातलं: जळगाव, नाशिक, पुणे. त्यांनी अर्ज विभागीय मंडळाकडे करायचा. कुठल्या मंडळाकडे, हे मार्कशीटच्या डोक्यावर छापलेल्या नावावरून ठरवा, आजच्या जिल्ह्यावरून नाही. मधल्या काळात विभाग फुटले, नवी मंडळं झाली, त्यामुळे सरळ नाशिकला जाऊन परत येणारे असतात. मार्कशीटच हरवली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधून परीक्षेचं वर्ष आणि सीट नंबर मिळवा. त्याशिवाय बोर्डाची खिडकी हलत नाही.

दुसरा शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी. शेवटी जिथे शिकलात तिथला लागतो. कॉलेजला एफवायला बसला होतात तर शाळेची मूळ एलसी तेव्हाच कॉलेजात जमा झालेली असते, आता कॉलेजची टीसी लागेल. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारा.

तिसरं, महाराष्ट्र बोर्ड किंवा दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांसाठी मायग्रेशन आणि 'पीईसी', म्हणजे तात्पुरत्या पात्रतेचं सर्टिफिकेट. ते विद्यापीठच देतं, पण आधी अर्ज करून काढावं लागतं. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात धावपळ केलीत तर हमखास अडकतं.

चौथं, गॅपचं ॲफिडेव्हिट, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाबाहेर नोटरी मिळतात. टायपिंगवाले तयार नमुना देतात, पण त्यात मजकूर एवढा हवा: बारावी कुठल्या वर्षी कुठून पास, त्यानंतर आजपर्यंत घरी किंवा नोकरीत होते, या काळात दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, आणि माझ्यावर गुन्हा नाही. मधे एखादा सर्टिफिकेट कोर्स केला असेल तर "कुठेही प्रवेश घेतला नाही" असं सरसकट लिहू नका. त्या कोर्सचं नाव लिहा. खोटं ॲफिडेव्हिट तिसऱ्या वर्षी उघडं पडलं तर केलेलं सगळं धोक्यात येतं.

पाचवं नाव, आणि यात बायका सर्वांत जास्त अडकतात. समजा बारावीच्या मार्कशीटवर 'जोशी माधुरी विनायक' आहे. आधारवर 'माधुरी संजय देशपांडे'. पॅनवर 'माधुरी देशपांडे', मधलं नावच नाही. आता खिडकीतला क्लार्क म्हणणार, "बेन, आधारमां नाम जुदुं छे," म्हणजे आधारवर नाव वेगळं आहे. तो आडमुठेपणा करत नसतो. एबीसी आयडी, ज्यात तुमचे क्रेडिट जमा होतात, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि नाव आधारवरून उचलतो. विद्यापीठाच्या सिस्टिममध्ये मार्कशीटचं नाव चढलं की दोन्हींचा मेळ बसत नाही आणि निकाल खात्यात जमा व्हायचा राहतो.

यावर दोन रस्ते. लग्नाची नोंद झालेली असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट, एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी भागतं. जुन्या लग्नांची नोंदच नसते. ती उशिरानेही करता येते, महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा. दुसरा रस्ता गॅझेटचा: नाव बदलाची जाहिरात गुजरात सरकारच्या राजपत्रात छापून घ्यायची. वेळ लागतो, पण तो कागद पुढे पासपोर्टपासून बँकेपर्यंत सगळीकडे चालतो. पदवीवर माहेरचं नाव हवं की सासरचं हेही याच वेळी ठरवा. मी तर म्हणेन, ज्या नावाने दहावी झाली त्याच नावाने पदवी घ्या. शिक्षणाची कागदपत्रं एका सरळ रेषेत राहतात. पण ही माझी ऑफिसातली आवड झाली, तुमचं मन काय सांगतं ते बघा.

आधारला आत्ता वापरात असलेला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, तेही आजच पाहा. मुलाचा जुना नंबर असेल तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याला बंगळूरला फोन करावा लागेल.

नोकरीत असाल तर ऑफिसची लेखी परवानगी प्रवेशाआधी घ्या. सरकारी नोकरीत ती नसेल तर पुढे पदवीची नोंद सर्व्हिस बुकात होताना खळखळ होते.

फॉर्म

२०२४ पासून गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे फॉर्म 'जीकास' या एकाच पोर्टलवर भरतात, सयाजीराव विद्यापीठही त्यात आलं. बारावीचा निकाल लागला की पोर्टल उघडतं. तुमचा निकाल जुना असला तरी तारखा त्याच. नोंदणी, मार्क, पसंतीक्रम, मग ऑफर आणि कागद दाखवून प्रवेश पक्का. फाइन आर्ट्ससारख्या ठिकाणी ॲप्टिट्यूड टेस्ट असते, तिच्या तारखा फॅकल्टीच्या नोटीस बोर्डावर आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघत राहा.

मेरिटमध्ये एक अडचण येते. तुमच्या वेळचे अठ्ठावन्न टक्के म्हणजे घरात पेढे वाटण्याजोगे होते. आता ते आजच्या पंच्याऐंशीच्या रांगेत उभे राहणार. कॉमर्ससारख्या गर्दीच्या ठिकाणी आशा कमी. आर्ट्समधल्या भाषा, तत्त्वज्ञान, संस्कृत इथे जागा राहतात. पसंतीक्रम भरताना हे लक्षात ठेवून दोन-तीन विषय जास्त टाका.

फीचं थोडक्यात: ऑफरमध्ये 'हायर पेमेंट' लिहिलं आहे का ते वाचा. त्याच पदवीची हायर पेमेंटमधली फी नेहमीच्या कोर्सच्या कितीतरी पट असते. कर्ज काढू नका. शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं सूट मिळते हे खरं, पण ती जुन्या कररचनेतच, आणि पन्नाशीत स्वप्नासाठी हप्ते लावून घेण्यात शहाणपण नाही. फाइन आर्ट्सला जाणाऱ्यांनी रंग, कॅनव्हास, प्रिंटच्या सामानाचा खर्च फीच्या बरोबरीने धरावा.

घर

घरच्यांशी 'मी कॉलेजला जाऊ का' असं बोलू नका. टाइमटेबल समोर ठेवा आणि कोणतं काम कोण घेणार तेवढं बोला. मंगळवारी अकरा ते तीन वर्ग असेल तर मंगळवारचा स्वयंपाक कोणाचा, सासूबाईंना डॉक्टरकडे कोण नेणार, गॅस सिलिंडर कोण घेणार. "आम्ही ॲडजस्ट करू" या वाक्यावर विसंबू नका. फ्रिजवर कागद लावा.

सेमिस्टरची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे नवरात्र आणि दिवाळीच्या मधे किंवा दिवाळीला लागून. गरबा अंगणात असला तरी नऊ रात्री आवाज बारापर्यंत. तेव्हा अभ्यास पहाटेवर ढकला आणि फराळ त्या वर्षी विकत आणा. चकल्या करायच्याच असतील तर परीक्षा संपल्यावर करा, कोणी अडवत नाही.

घरात जागा नसेल तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे. १९१० ची संस्था, अमेरिकेहून आलेल्या बॉर्डन यांनी मांडणी केलेली, काचेच्या फरशांच्या मजल्यांची. वाचायला शांत जागा मिळते आणि घराबाहेर पडलं की घरचे हाका मारत नाहीत. प्रवेश झाल्यावर विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा.

वर्गात

पहिल्या दिवशी मुलं तुम्हाला नवीन मॅडम समजून उभी राहतील. हसून मागच्या बाकावर बसा. पण रोज मागे बसू नका, फळा दिसत नाही. चाळिशीनंतर लांबचा फळा आणि जवळची वही दोन्ही एका साध्या चष्म्यातून दिसत नाहीत, म्हणून दोन्ही दाखवणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा, शाळेसाठी नवी वही आणतो तसा, आधीच करून घ्या आणि घरी आठवडाभर वापरून सवय करा.

प्राध्यापक तुमच्या मुलाच्या वयाचे असतील. 'सर', 'मॅडम' म्हणा, 'बाळा' नाही. वर्गात "आमच्या वेळी" सुरू करण्याची उबळ येते ती आवरा. तासाला एकदा चालतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच दिवशी नाव घाला, कारण तास रद्द झाल्याची बातमी तिथेच येते, नोटीस बोर्डावर नंतर. ग्रुप प्रोजेक्टमध्ये मुलं तुम्हाला लिहायचं सगळं काम देतील. वाटून घ्या. त्याबदल्यात पीपीटी कशी करायची ते त्यांच्याकडून शिका, ती आनंदाने शिकवतात.

परीक्षेची खरी तयारी हाताची असते. सह्या आणि किराण्याच्या याद्या सोडून आपण कित्येक वर्षं पेन धरलेलं नसतं. पेपर अडीच-तीन तासांचा; पहिल्या तासातच अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि अक्षर फाटतं. वर्ग सुरू झाल्यापासून रोज घड्याळ लावून एक उत्तर पूर्ण लिहा. दोन पानांपासून सुरुवात, परीक्षेच्या महिन्यात आठवड्यातून एकदा अख्खा पेपर. जाड पकडीचं पेन घ्या. उत्तरपत्रिकेत एका ओळीत किती शब्द बसतात ते माहीत असलं की वेळेचा हिशोब सोपा जातो.

पाठांतर पूर्वीसारखं राहत नाही, हे खरं. पण समजून घेण्यात तुम्ही पोरांच्या पुढे असता. अर्थशास्त्रात महागाई आणि व्याजदर शिकवताना वर्गात घरकर्ज फेडलेले तुम्हीच. तेव्हा पाठ करण्यापेक्षा प्रत्येक टॉपिकवर दहा ओळींचं स्वतःच्या शब्दांतलं टिपण काढा. इंग्रजी शब्दांची एक छोटी डायरी करा, प्रत्येक विषयात पुन्हा पुन्हा येणारे शब्द फार तर शंभर-दोनशे असतात. फतेगंजच्या झेरॉक्सवाल्यांकडे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मिळतात, मागच्या पाच वर्षांचे घ्या. काय विचारतात याचा अंदाज अर्ध्या दिवसात येतो.

एखाद्या विषयात राहिलात तर एटीकेटीने पुढे जाता येतं. फॉर्मची तारीख चुकली नाही म्हणजे झालं, आणि त्या तारखा कोणी घरी कळवत नाही.

शेवटचं सेमिस्टर पास झालं की माणसं सुटल्यासारखी होतात आणि पदवीदानाचा फॉर्म राहून जातो. तो वेगळा भरायचा असतो, त्याची फी वेगळी आणि मुदत थोडी. त्यावर नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, फोटो हे सगळं स्वतः वाचून मगच सबमिट करा, मुलाला सांगून मोकळ्या होऊ नका. छापलेल्या पदवीतली चूक दुरुस्त करायला पुन्हा ॲफिडेव्हिट, पुन्हा फी आणि पुन्हा त्याच खिडकीशी उभं राहणं आलं.